मोकळ्या टोकांचा हार

"देव जर लढाईच्या बाजूनं उभा राह्यला असन, तं मी त्याच्या दाराबाहीर बशीन."

हे वाक्य सत्यवतीबाई एकदाच बोलल्या. समोर भगवंतराव उभे होते, झिऱ्याच्या महादेव संस्थानचे अध्यक्ष. देवळातल्या अनुष्ठानाला यजमान म्हणून बसा, असं सांगायला ते स्वतः पायऱ्या उतरून आले होते. बाईंच्या हातात सुई होती आणि सुईच्या टोकावर झेंडू. बोलून झाल्यावर त्यांनी तो झेंडू दोऱ्यावरून खाली सरकवला आणि दुसरा उचलला. भगवंतरावांना वाटलं, दुःखानं बोलताहेत. दुःखी माणसाचं बोलणं आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. त्यामुळे त्याला काहीही बोलता येतं, आणि बोलून काहीही होत नाही.

मोर्णा ओलांडून अकोल्याच्या जुन्या शहरात शिरलं की भांड्यांच्या दुकानांमागून एक गल्ली पुन्हा नदीकडे उतरते. तिच्या शेवटाला हे देऊळ. ज्या झिऱ्यावरून महादेवाला नाव पडलं तो कधीच आटला. आता तिथं संस्थानची बोअर आहे. पायऱ्यांच्या डाव्या हाताला, पिंपळाच्या पारालगत, सत्यवतीबाईंची जागा. ती आधी सासूची होती. त्या जागेचा कागद नव्हता, आणि कोणी कधी मागितलाही नव्हता. शेत पातूरच्या वाटेवर. खुशालराव, म्हणजे त्यांचे यजमान, तिथं झेंडू आणि शेवंती लावायचे, कडेला मेथी आणि सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. पहाटे फुलं यायची, दिवसभर बाई ओवायच्या, संध्याकाळी उरलेली फुलं नदीत न टाकता परत शेतात नेऊन खतात टाकायची. असं आयुष्य. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांना कोणी विचारतही नव्हतं.

हारवाल्यांच्या घरात एक रीत आहे, ती मात्र सांगायला हवी. देवाच्या हाराची, नवरदेवाच्या हाराची, पुढाऱ्याच्या हाराचीसुद्धा दोन्ही टोकं जुळवून गाठ मारतात आणि खाली गोंडा सोडतात. मयताच्या हाराला गाठ नसते. त्याची टोकं मोकळी. तो गळ्यात घालायचा नसतो, अंगावर आडवा ठेवायचा असतो. जाणाऱ्याचं काही अडकून राहू नये. फुलं तीच, सुई तीच, हात तोच. फरक शेवटच्या गाठीचा. नवी सून घरात आली की तिला सगळ्यात आधी हे शिकवतात. मोठे हार मात्र देवाचे असले तरी टोकं मोकळी ठेवूनच न्यावे लागतात, नाहीतर पाटीत पीळ पडून फुलं तुटतात. त्यांची गाठ जागेवर जाऊन मारायची. म्हणून मोठा हार डोक्यावर घेऊन बाई रस्त्यानं चालली, की तो देवाकडे चालला आहे की मयताकडे, हे नुसतं पाहून कळत नाही.

गोपाल त्यांचा एकुलता एक. भरतीत धावून निवडला गेला, सैन्यात गेला, सुटीवर आला तेव्हा रागिणीशी लग्न झालं. नंतर एका उन्हाळ्यात सरहद्दीवर गोळाबारी सुरू झाली आणि त्यात तो गेला. टीव्हीवर त्याचं नाव वाचताना निवेदिकेनं आडनाव चुकवलं. खुशालरावांनी त्या दिवशी फक्त तेवढ्याच गोष्टीवर रडून घेतलं.

पेटी आली तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी बाजारातून तयार हार आणले होते, जाड, चमकी लावलेले, सगळ्यांना गाठी. ते पेटीवर पडत राहिले. सत्यवतीबाई पेटीजवळ बसल्या होत्या. त्यांनी एकेक हार ओढून घेतला, गाठ सोडली आणि पुन्हा ठेवला. गाठी ओल्या दोऱ्याच्या होत्या, नखांनी सुटत नव्हत्या. तेव्हा त्यांनी दातांनी सोडल्या. बायकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. एकीनं त्यांचे हात धरले, राहू दे माय, म्हणाली.

"त्याले जाऊ द्या," एवढंच बाई म्हणाल्या.

पण त्याच वेळी बाहेर बदल्याच्या घोषणा सुरू झाल्या, आणि त्या आवाजात हे कोणाला ऐकू गेलं नाही. घोषणा देणारी पोरं ओरडून ओरडून लाल झाली होती आणि त्यांच्या तोंडावर एक प्रकारचा आनंद होता. बाईंनी तो पाहिला. नंतर पुष्कळ दिवसांनी त्या सुनेला म्हणाल्या की बँडवाल्यांच्या मागं नाचणाऱ्या वऱ्हाडाच्या तोंडावर असतो तसा होता तो.

गोळाबारी थांबली. देवळातली लढाई थांबली नाही. दर सोमवारी विजयाचं अनुष्ठान सुरू झालं. बाहेरून एक महाराज यायचे, चांगला आवाज, चांगली गाडी. अभिषेक व्हायचा, मग ते बोलायचे. महादेवानं तिसरा डोळा उघडला आहे, म्हणायचे, शांततेच्या गोष्टी करणाऱ्यांना तो आधी जाळील. मग गोपालचं नाव घ्यायचे. या गल्लीनं देवाला आहुती दिली आहे, ज्या घरातून आहुती गेली ते घर धन्य आहे, आणि अजून आहुत्या लागतील. पुढच्या रांगेत खुशालराव बसलेले असायचे, धुतलेला सदरा घालून. नाव आलं की लोक त्यांच्याकडे वळून पाहायचे. त्या पाहण्यावर ते आठवडा काढायचे. शेतात पाणी देताना त्यांना तो क्षण पुन्हा पुन्हा आठवत असणार, कारण पाणी वाफ्याबाहेर वाहून जायचं आणि त्यांचं लक्ष नसायचं.

सुरुवातीचे सोमवार सत्यवतीबाईंनी हार दिले. महाराजांचा आवाज कर्ण्यातून त्यांच्या डोक्यावरच पडायचा. रागिणी एकदा त्यांच्याजवळ बसून झेंडूचे देठ काढत होती, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आहुती तं कोनं तरी टाकते. याले कोनं टाकलं?"

रागिणी देठ काढत राहिली. थोड्याच दिवसांत तिला अमरावतीला नोकरी लागली आणि ती कॅम्पातल्या एका खोलीत राहायला गेली. तिला एकटं वाटू नये म्हणून सत्यवतीबाई काही दिवस तिच्याकडे गेल्या. एकटं कोणाला वाटत होतं ते दोघींनाही माहीत होतं.

तिथं एका रविवारी दूध आणायला निघाल्या असताना त्यांना एका चर्चच्या फाटकाबाहेर थोडी माणसं दिसली. आत गाणं चालू होतं आणि ही माणसं रस्त्याच्या कडेला गप्प उभी होती. घोषणा नाहीत, मुठी नाहीत. चर्चच्या कपड्यांत आलेली, म्हणजे इस्त्रीचे शर्ट, नीट पिना लावलेल्या साड्या. एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात पुठ्ठा होता आणि त्यावर लिहिलं होतं, आमच्या प्रार्थनेत बंदूक नको. सत्यवतीबाईंनी तिला विचारलं, काय चाललं आहे. म्हातारी पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं सांगितलं, आत लढाईत जय मिळावा म्हणून प्रार्थना होते, फादरना आम्ही नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणून ती प्रार्थना सुरू झाली की आम्ही उठून बाहेर येतो. संपली की परत आत जातो.

"तुमचं कोनी गेलं काय लढाईत?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"नाही," नर्स म्हणाली. "कोणी जायच्या आधी उभं राहिलेलं बरं, नाही का?"

मोटरसायकलवरच्या एकानं गाडी हळू केली आणि पाकिस्तानात जा म्हणून ओरडला. नर्सनं मान हलवली. तिथंही आम्हाला चर्चच्या बाहेरच उभं राहावं लागेल रे बाबा, असं ती म्हणाली, आणि रांगेतले दोघेतिघे हसले. सत्यवतीबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. रागिणी दुधाची पिशवी धरून पलीकडे थांबली. आतलं काहीतरी संपलं, माणसं एकेक करून फाटकातून आत गेली, आणि सत्यवतीबाई एकट्याच बाहेर राहिल्या. त्यांना आत जायचं नव्हतं. त्यांचं दार दुसरीकडे होतं.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी रागिणीला एका खोक्याचा पुठ्ठा कापायला लावला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: आत लढाईसाठी पूजा चालू आहे, म्हणून मी बाहेर.

पुढच्या सोमवारी त्यांनी दुकान लावलं नाही. आपल्याच जागेवर बसल्या, पाटी पालथी घातली आणि तिच्यावर तो पुठ्ठा टेकवून ठेवला. अनुष्ठान संपेपर्यंत बसून राहिल्या. संपल्यावर उठल्या, नळावर पाय धुतले, आत गेल्या, महादेवाला बेल वाहिला आणि घरी आल्या.

लोकांची पंचाईत झाली ती या शेवटच्या गोष्टीनं. बाई नास्तिक झाली म्हणावं, तर बेल वाहते. कोणी शिकवलं म्हणावं, तर कोणी येताना-जाताना दिसत नाही. भगवंतरावांचा शेखर गोपालच्या वर्गात होता. तो देवळाचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकतो. तो पहिल्या सोमवारी पुठ्ठा न वाचताच म्हणाला, काकू, आज काय ऑफर लावली? वाच ना बापू, तुले तं वाचता येते, असं बाई म्हणाल्या. त्यानं वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला. पुढच्या वेळी मात्र तो दुसऱ्या वाटेनं आत गेला.

मग नेहमीचं सगळं झालं. पुठ्ठा कोणीतरी फाडला. रागिणीनं दुसरा पाठवला. तोही पाण्यात भिजवलेला सापडला, तिसरा आला. पाराला कोणीतरी शेण फासलं. बाईंनी ते गोळा करून पिंपळाच्या बुडाशी टाकलं, खत आहे, म्हणाल्या. एका प्राध्यापकानं येऊन त्यांच्या धैर्याबद्दल बराच वेळ भाषण केलं आणि शेजारी बसा म्हटल्यावर त्याला तास होता. मंगळवार ते रविवार दुकान लागायचं, पण गिऱ्हाईक पलीकडच्या हातगाडीवर जायला लागलं. हार तिथं वाईट होते, पण ते घेताना कोणाच्या डोळ्यांत पाहावं लागत नव्हतं.

देवमन गुरव, देवळाचा पुजारी, एकदा सोवळ्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. इकडंतिकडं पाहिलं आणि पाराआड उकिडवा बसला.

"बाई, मी आत असतो, पन माह्यं मन तुमच्यापाशीच असते," तो म्हणाला.

"मंग त्याले पाठव इकडं, देवमन. बसन माह्याजवळ. जागा गंज हाये, धा जन बसतीन."

देवमन हसला, कारण हसण्याशिवाय त्याला उठता आलं नसतं. त्याचं घर देवळावर चालत होतं. बाईंनी त्याला त्यावरून पुन्हा कधी टोकलं नाही. तोही पुन्हा आला नाही.

खुशालराव या सगळ्यात कुठं होते? आत. पहिल्या रांगेत. येताना ते पाराकडे न पाहता पायऱ्या चढायचे आणि जाताना मागच्या दारानं. घरी कोणी आलं तर ते सांगायचे की तिची तब्येत बरी नाही. बाई भाकर वाढायच्या, ते खायचे. सोमवारचा विषय कोणी काढत नव्हतं. नंतर दुसरेही विषय राहिले नाहीत.

अशात महाद्वाराची गोष्ट निघाली. संस्थान देवळापुढं दगडी दार बांधत होतं आणि त्याला गोपालचं नाव द्यायचं ठरलं होतं. शहीद गोपाल महाद्वार. भगवंतराव घरी आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि कोणालाही न दुखावता सगळं सांगितलं. लोकार्पणाच्या दिवशी वीरमातेनं देवाच्या चांदीच्या मुखवट्याला हार घालायचा आहे. महाराज येणार आहेत, बाहेरचीही मंडळी येणार आहेत. त्या दिवशी वीरमाता पुठ्ठा घेऊन बाहेर बसली तर कसं दिसेल ते वीरमातेनंच आम्हाला सांगावं. विश्वस्तांत आधीच कुजबुज आहे. दाराला आपल्या वडिलांचं नाव द्यावं म्हणून एक देणगीदार मागं लागला आहे. माझा शब्द अजून चालतो, पण किती दिवस चालेल सांगता येत नाही. निघताना त्यांनी गोपालच्या तसबिरीला हात जोडले. ते खोटं नव्हतं. भगवंतराव वाईट माणूस असते तर हे सगळं सोपं झालं असतं.

ते गेल्यावर खुशालराव कप हातात धरून बसले. मग पहिल्यांदा बोलले. रोज दुपारी शेतातून येताना ते पाथरवटाच्या टपरीवर थांबत होते, हे बाईंना त्या दिवशी कळलं. दगड तयार होता, अक्षरं कोरून झाली होती. ते अक्षरांच्या खाचांत बोट घालून बसायचे, गो-पासून ल-पर्यंत. पाथरवटानं एकदा गंमत केली होती, बाबा, घासून घासून नाव मिटवसान.

"गोपालची माय," ते म्हणाले, "तुह्या बसण्यानं तो वापस येऊन राह्यला काय?"

"तुमच्या दारातून तरी येऊन राह्यला काय?"

"नाई येत. मले मालूम हाये." खुशालरावांनी कप खाली ठेवला. "पन आपल्या मागं त्याचं नाव घ्याले कोन हाये? रागिणी पोरगी हाये, तिनं दुसरं घर करावं, मी अडवत नाई. मंग? दगड तं राहीन. पोट्टे येतीन-जातीन, वाचतीन. कोन होता बे हा गोपाल, म्हनतीन. एवढंच पायजे मले."

महाराजांना द्यायला सत्यवतीबाईंजवळ उत्तर होतं, भगवंतरावांना होतं, शेखरला होतं. दगडाच्या खाचेत बोट घालून बसणाऱ्या म्हाताऱ्याला नव्हतं. त्यांनी चूल पुसली, भांडी पालथी घातली. मग म्हणाल्या, "येतो मी. पन हार माह्या हातचा राहीन."

सोमवारी पार रिकामा होता. गल्लीला सुटल्यासारखं झालं. शेवटी आईचंच काळीज, असं लोक एकमेकांना म्हणाले, आणि ज्यांनी पुठ्ठे फाडले होते तेही म्हणाले. पुढच्या दिवसांत हातगाडीवरून पुन्हा काही गिऱ्हाईक पाराकडे आलं. फोनवर रागिणीनं विचारलं, आई, तुमी खरंच जाऊन राह्यल्या? तुह्या सासऱ्यासाठी, असं बाईंनी सांगितलं. रागिणी म्हणाली की तिला त्या दिवशी सुटी मिळणार नाही. तिची सुटी रविवारीच असायची, आणि लोकार्पणही रविवारी.

लोकार्पणाच्या सकाळी खुशालराव उजाडायच्या आत शेतात गेले. फुलं त्यांनी स्वतः तोडली, एकसारखी, पिवळी आणि भगवी, दव निथळवून आणली. अंगणात सतरंजी टाकली आणि ते समोर बसून फुलं निवडून देऊ लागले. कित्येक महिन्यांनी नवरा-बायको असे समोरासमोर बसले होते. खुशालराव बोलत होते. गोपालला शेवंतीचा वास सहन व्हायचा नाही, शिंका यायच्या, माळ्याच्या घरात जन्माला येऊन फुलांना शिंकते म्हणून आजी चिडायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाई दोनदा हसल्या. त्या सकाळी तिकडून कोणी गेलं असेल त्याला वाटलं असेल, या घरात काही बरं चाललं आहे.

हार ओवून झाला, पुरुषभर लांब. ओलं फडकं अंथरून पाटीत वेटोळं करून ठेवला, टोकं मोकळी. गोंडा बाईंनी वेगळा केला होता, शेवंतीचा, मध्ये बेलाचं पान. खुशालरावांनी विचारलं, आत्ताच लावून घेतेस काय? तेथी जाऊन लावू, बाई म्हणाल्या, आणि गोंडा त्यांनी पदराच्या टोकात बांधून घेतला. यात वावगं काही नव्हतं. मोठ्या हाराची गाठ जागेवरच मारतात.

तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते कोणी सांगू शकत नाही. गाठ मारायची नव्हती तर गोंडा कशाला केला असता? तो त्यांनी मन लावून केला होता. मला वाटतं, त्या गाठ मारायलाच निघाल्या होत्या.

महाद्वार नव्या दगडाचं, अजून धुळीचा वास असलेलं. वर कापड होतं, ते महाराजांनी दोरी ओढून काढलं, आणि खुशालरावांनी नाव वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलले. मग सगळे आत सभामंडपात गेले. चौरंगावर महादेवाचा चांदीचा मुखवटा ठेवला होता, गळ्यापर्यंतचा, डोळे उघडे. सत्यवतीबाईंना पुढं खुर्ची दिली. पाटी त्यांच्या पायाशी. आत बसून लढाईची पूजा ऐकायची त्यांची ती पहिलीच वेळ. आत्तापर्यंत ती कर्ण्यातून आली होती. इथं आवाज कमी कर्कश होता, जवळचा होता, घरातला माणूस बोलावा तसा.

महाराज चांगलं बोलले. बायका रडल्या. शेवटी ते म्हणाले की एक गोपाल गेला म्हणून महादेवाचं समाधान झालेलं नाही, त्याला या गल्लीतून अजून गोपाल हवेत. ज्या मायांची पोरं देवाला द्यायची तयारी आहे त्यांनी हात वर करावेत. क्षणभर कोणी हलेना. मग एक हात वर झाला, मग पुष्कळ. लेकरांना कडेवर घेऊन आलेल्या बायकांनीही वर केले. काहींनी लेकराचाच हात धरून वर केला. शेखर मोबाइल फिरवत हातांचा व्हिडिओ घेत होता. पेटीवर हार पडत होते त्या दिवशीचा तो आनंद पुन्हा सगळ्यांच्या तोंडावर आला होता.

सत्यवतीबाईंनी ते हात पाहिले. पदराच्या टोकाची गाठ सोडली, गोंडा काढला आणि मुठीत धरला.

मग त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या, वाकून पाटीतून हार उचलला, दोन्ही हातांवर पेलत चौरंगापर्यंत नेला आणि मुखवट्यासमोर आडवा ठेवला. सरळ, न वळवता, पेटीवर ठेवतात तसा. टोकं दोन्ही बाजूंना लोंबत राहिली. त्या एक पाऊल मागं सरकल्या.

लोकांना काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. देवमनला कळलं. तो आयुष्यभर हार घेत आला होता, देवाचेही आणि कधीकधी दुसरेही. तो जागेवरच थांबला. भगवंतरावांनी त्याला खुणावलं, गळ्यात घाल. देवमननं हाराला हात लावला आणि लगेच हात मागं घेतला.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "गाठ मारायची राह्यली."

"राह्यली नाई, देवमन," सत्यवतीबाई म्हणाल्या.

कर्ण्याच्या माइकनं ते दोन्ही आवाज बाहेर नेऊन सोडले. मंडपात बसलेल्या जुन्या बायकांपैकी काहींना अर्थ लागला. एकीनं तोंडाला पदर लावला. कुजबुज मागं मागं गेली आणि हळूहळू टाळ्या बंद पडल्या. वर झालेले काही हात अजून खाली यायचे होते, ते आले. महाराज भगवंतरावांकडे पाहू लागले, भगवंतराव बाहेर महाद्वाराकडे. त्यांनी मुद्दाम पाहिलं असं नाही. पण खुशालरावांनी ते पाहणं पाहिलं. त्यांच्या मनात देणगीदाराचा बाप उभा राहिला असेल, त्याच्या नावाची अक्षरं, गोपालच्या खाचा भरून पुन्हा कोरलेली.

खुशालराव उठले. पहिल्या रांगेपासून चौरंगापर्यंत फार अंतर नाही, पण ते म्हाताऱ्या माणसासारखे चालले. देवमनकडे पाहिलं नाही. बायकोसमोर येऊन उभे राहिले. तिचा उजवा हात हातात घेतला, देवळात, सगळ्यांसमोर. लग्नानंतर त्यांनी चारचौघांत तिचा हात असा कधी धरला नसेल. बाईंना वाटलं असेल, ते आपल्याबरोबर बाहेर चालले आहेत. त्यांची मूठ सैल झाली.

खुशालरावांनी तिच्या मुठीतून गोंडा काढून घेतला.

मग ते वळले. हार उचलला, मुखवट्याच्या मानेमागून नेला, टोकं पुढं आणली. बोटांना कामाची सवय होती. टोकं जुळवली, दोऱ्याचा वेढा घेतला, दातात धरून ओढला, गाठ घट्ट बसली. खाली गोंडा लावला. तो मधोमध आला आहे की नाही ते थोडं मागं सरून पाहिलं. जयजयकार झाला. पहिल्यापेक्षा मोठा, कारण आता सगळ्यांना मोकळं व्हायचं होतं. शेखरचा मोबाइल पुन्हा वर आला. चांदीचे उघडे डोळे, खाली पिवळाधमक हार.

सत्यवतीबाईंनी रिकामी पाटी उचलून कडेवर घेतली. बायका बाजूला सरल्या, कोणी पाय आखडून घेतले. दारावरच्या नव्या दगडात गोपालचं नाव होतं. त्या त्याखालून गेल्या, मान वर न करता, आणि बाहेर पडल्या.